उजव्या हाताची कॉफी

धान कापायला आलं की आमच्या गावच्या हवेला एक वास येतो. ओल्या मातीचा नाही, वाळल्या गवताचाही नाही, दोहोंच्या मधला. बांधीतलं, म्हणजे भाताच्या वाफ्यातलं, पाणी नुकतंच उतरलेलं असतं, बुडाशी चिखल अजून गार असतो आणि वर पिवळी लोंब आपल्याच वजनानं वाकलेली असते. सकाळी दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चाललं की पाय दवानं घोट्यापर्यंत भिजतात. ऊन चढलं की तोच वास गरम होऊन घरापर्यंत येतो. यंदा कार्तिकात पुण्याहून आले, अर्जुनीला गाडीतून उतरले, सुखदेवकाकाच्या मोटारसायकलवर बसले आणि तलावाची पाळ ओलांडताच तो वास नाकात शिरला. त्याच्यामागोमाग भाजलेल्या कॉफीचा वास आला. कॉफी तिथं कुठंच नव्हती. पण एका हंगामानंतर हे दोन वास माझ्या डोक्यात असे चिकटून बसलेत की एक आला की दुसरा येतोच.

तो हंगाम बाबांच्या आजारपणाचा.

पोळा होऊन गेला होता. एका सकाळी बाबा बांध्या पाहून परत येत होते, धुऱ्यावर जरा टेकले आणि त्यांना उठता येईना. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची एक बाजू. गावात त्याला लकवाच म्हणतात. सुखदेवकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, शेजारच्याच बांधीत होता. त्यानं वेळ न घालवता त्यांना गोंदियाला नेलं. जीव वाचला. पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालू लागला, बोलणंही बरंचसं सुधारलं. हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला.

आम्ही कोहळी. या भागातले जुने तलाव आमच्या लोकांनी बांधले, असं सगळेच सांगतात. बाबांनी काही तलाव बांधला नव्हता, पण पाळ, गावच्या बोलीत पार, कुठं पाझरते, कुठल्या बांधीचं पाणी आधी सोडायचं, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत. ते फार बोलत नसत. उजवा हात लांब करून बोटानं दाखवत. माझ्या लहानपणच्या बाबांचा चेहरा मला नीट आठवत नाही, तो हात आठवतो. फावड्याच्या दांड्यानं तळव्यावर उठलेला घट्टा आणि अंगठ्याच्या नखात कायमची बसलेली काळी माती. त्या वर्षी दवाखान्यातून आल्यावर त्या नखातली माती गेलेली होती. नख गुलाबी झालं होतं. मला तेच पाहवत नव्हतं.

मी पुण्यात एका कंपनीत काम करते. घरून काम करायची परवानगी घेतली आणि लॅपटॉप, कपडे आणि एस्प्रेसोचं यंत्र घेऊन घरी आले. यंत्र आणलं ते निव्वळ स्वार्थानं. आमच्याकडचा चहा मला जात नाही, दूध-साखरेचं पायसच ते. आईनं खोक्यातून यंत्र निघताना पाहिलं. तिला वाटलं, बाबांच्या इलाजासाठी काही आणलंय.

"हे का होय?"

"कॉफीची मशीन."

ती थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "पोरी, तुयी मशीन सिलिंडरपेक्षा मोठी आहे अन कप बाहुलीचा."

पुण्यात ते यंत्र मुकाट्यानं चालायचं. गावात पहिल्याच दिवशी त्यानं असहकार पुकारला. कॉफीची पूड ज्या दांडीच्या वाटीत भरतात, तिच्या खालून मधासारखी दाट धार यायला हवी. माझ्याकडे यायची ती फिकी, पाण्यासारखी, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे फवारा मारत. क्षणात कप भरायचा. चव आंबट, कच्च्या कैरीसारखी. संध्याकाळी तर यंत्राचा दिवाच लागायचा नाही. गावभर पाण्याच्या मोटारी सुरू असल्या की वीज एवढी उतरायची की पंखा मोजून फिरायचा. म्हणून कॉफी सकाळचीच, असं ठरलं. पण सकाळचीही बिघडलेलीच.

बाबा तेव्हा माजघरात खाटेवर असायचे, दाराकडे पाठ करून. भेटायला माणसं येत. कोणी पपई आणायचं, कोणी गावठी औषध सांगायचं. बाबा डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, झोप लागते. आई म्हणाली, "झोपत नाईत. लोकाइले पाहावं नाई वाटत त्याइले."

गोंदियाच्या व्यायामवाल्या डॉक्टरनं त्यांना रबरी चेंडू दिला होता. "दादाजी, इसको दबाते रहिए। जितना दबाओगे, उतना हाथ वापस आएगा।" घरी आल्यावर बाबांनी तो चेंडू एकदा हातात घेतला, किंवा आईनं हातात ठेवला म्हणा, आणि बोटं मिटलीच नाहीत. चेंडू खाटेखाली गेला. पुन्हा दिला तर म्हणाले, "मी का लेकरू आहो, चेंडू खेळाले?" त्यानंतर चेंडू तिथंच राहिला. मी रोज आठवण करून द्यायची, ते रोज भिंतीकडे वळायचे. डॉक्टर म्हणाले होते की सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. नंतर हात जिथं थांबेल तिथं थांबेल. ते महिने डोळ्यांदेखत जात होते आणि बाहेर बांध्या पिवळ्या होत होत्या.

यंत्र एके दिवशी पूर्णच बंद पडलं. पंप घरघरायचा, पाणी येईना. फोनवर व्हिडिओ पाहिले तेव्हा कळलं की आमच्या बोअरवेलच्या जड पाण्याचा क्षार आत बसला असावा. मी ते अंगणात आणलं, उन्हात गोणपाट टाकून त्यावर ठेवलं. बाबांनाही त्याच वेळी आईनं उन्हासाठी खाटेसकट बाहेर आणलं होतं. पाण्यात लिंबूफूल विरघळवून यंत्राला पाजलं, थांबले, मग पाणी सोडलं तर पांढरे कण भसाभसा बाहेर आले. जिथून गरम पाणी पुडीवर पडतं ती बारीक छिद्रांची जाळी उघडायला एक छोटा स्क्रू काढावा लागतो. तो काढला आणि हरवू नये म्हणून, काही विचार न करता, शेजारी पसरलेल्या बाबांच्या तळव्यावर ठेवला. उजव्या.

थोड्या वेळानं पाहिलं तर तळवा रिकामा. बाबांना कळलंही नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जसं दुसऱ्याच्या वस्तूकडे पाहतात तसं. आम्ही तिघांनी मिळून अंगणात पडलेल्या तणसातून, भाताच्या पेंढ्यातून, तो स्क्रू शोधला. आईनं वाकून, मी गुडघ्यांवर आणि बाबांनी खाटेवरून डावा हात लांब करून. सापडला आईलाच. पण त्या दिवशी बाबा भिंतीकडे वळले नाहीत. माझं काम संपेपर्यंत पाहत राहिले.

पाणी मोकळं झालं, तरी कॉफीचा फवारा काही थांबेना. दुसऱ्या सकाळी मी अंगणातच टेबल मांडलं. वायर खिडकीतून ओढली. वाटीत पूड भरली, टॅम्परनं दाबली. टॅम्पर म्हणजे मुठीत मावेल असा पोलादी ठोकळा, खाली सपाट, वर लाकडी मूठ. बटण दाबलं. पुन्हा फवारा, या वेळी माझ्या कुर्त्यावर.

"एका बाजूनंच फुटून रायलं," बाबा म्हणाले.

कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य असावं. मी वाटीतली ओली चकती पालथी करून त्यांना दाखवली. कडेला एक बारीक भोक पडलं होतं.

"पानी कमजोर जागा धुंडते," ते म्हणाले. "पारीचं बी असंच रायते. चांगली ठोकून बसव."

मला आनंद झाला, इतका की मी खात्रीही न करता टॅम्परवर सगळं अंग टाकलं. बटण दाबलं. पंप कण्हला, दाबाच्या काट्यानं उडी मारली, आणि कपात काहीच नाही. बऱ्याच वेळानं काळा थेंब पडला, मग दुसरा. डांबरासारखे. चव घेतली तर जळकी. मी तोंड वाकडं केलं आणि बाबा हसले. त्यांचं तोंड अजून एका बाजूनंच हलायचं, त्यामुळं ते हसणं अर्धंच उमटलं. आई मात्र चुलीजवळून उठून दारात येऊन उभी राहिली.

"तुम्हीच म्हटलं ठोक म्हणून," मी म्हटलं.

"पारीतून पानी जाऊ द्याचं नसते. यातून द्याचं आहे," ते म्हणाले. "मले का मालूम?"

त्या वाक्यावर मी नंतर पुष्कळदा विचार केला आहे. आयुष्यभर पाणी अडवणाऱ्या माणसाला एक नवीन गोष्ट दिसली होती: पाणी जाऊ द्यायचं, पण सगळीकडून सारखं. त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक नव्हती, नवीच होती. काही ठाऊक नसलेल्या माणसाची.

मग आमचा रोजचा खटाटोप सुरू झाला. दळण जरा जाड केलं, जरा बारीक केलं. पुडीत गुठळ्या राहतात आणि गुठळ्यांच्या फटीतून पाणी पळतं, हे कळल्यावर आईची गोधडीची सुई बुचात खोचून पूड मोकळी करायला लागलो. आधी वाटी हलकेच थोपटून पूड सपाट करायची, मगच टॅम्पर ठेवायचा. कोपर मनगटाच्या बरोबर वर. तिरका दाब पडला की त्या बाजूची पूड घट्ट आणि दुसरी सैल, आणि पाणी सैल बाजूनं निघून जाणार. मी घाईत असायची. नऊला माझी मीटिंग असे. घाईत हात हमखास तिरका पडायचा.

"आन इकडं," बाबा एकदा म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं टॅम्पर घेतला.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उजव्यानं."

"उजवा कामाचा आहे का?"

"काम नाई देत म्हणून तं कामाचा नाई."

मी आईकडे पाहिलं. तिनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. बाबांनी टॅम्पर टेबलावर ठेवला. मग डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि त्या लाकडी मुठीवर आणून ठेवला. बोटं मिटली नाहीत. पण मूठ गोल होती, तळव्यात बसणारी. बोटं तिच्यावर नुसती पडून राहिली आणि बाबांनी खांद्यातून भार दिला. कॉफी वाईटच झाली. मी प्यायले.

त्यांचं वजन पाहण्यासाठी आणलेला काटा होता, पायाखाली ठेवतात तो. टॅम्पर किती दाबायचा हे शिकायला लोक तसाच काटा वापरतात, असं मी वाचलं होतं. तो टेबलावर ठेवला. पंधरा किलोच्या आसपास दाब हवा. बाबांच्या उजव्या हाताचा दाब चारवर थांबला. ते आकड्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "चार किलो तं आहे." मला रडू आलं, कारण मी तोवर 'चारच' असं मनात म्हणून बसले होते.

चेंडूला त्यांनी हात लावला नाही, पण टॅम्परला रोज लावला. सकाळी माझ्या कॉफीसाठी, आणि नंतर दिवसभर, रिकाम्या काट्यावर. व्यायाम म्हटलं असतं तर केला नसता. हे काम होतं. त्यातून दुसऱ्याला प्यायला मिळत होतं. टेबल उंच पडतं म्हणून काकानं एक जुना लाकडी चौरंग आणून दिला, म्हणजे खुर्चीत बसून कोपर सरळ वर येईल. आकडा कधी पाचावर जायचा, कधी तीनवर उतरायचा. ढग असले की हात जड व्हायचा. तरी तर्जनी एक दिवस मुठीभोवती वळली. मग मधलं बोट.

सगळंच सरळ झालं नाही. कापणी जोरात होती, अंगणात धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं उभं राहत होतं. माणसं येत-जात होती. बाबांनी एकदा स्वतःच डबा उघडून पूड भरायचं मनावर घेतलं. डबा उजव्या हातानं धरला, हात ऐन वेळी सुटला, आणि पुण्याहून मागवलेली सगळी कॉफी शेणानं सारवलेल्या अंगणात पसरली. भारे घेऊन आलेल्या बाया थबकल्या. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "राहू द्या जी," त्यातली एक हळूच म्हणाली. बाबा उठले, काठी घेतली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. त्यानंतर ते बाहेर येईनात. मी समजावलं, डॉक्टरांना फोन लावून दिला, चिडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही. नवी कॉफी येऊन पडली, तीही मी उघडली नाही.

शेवटी आईच गेली. दाराआडून मी ऐकत होते. तिनं समजूत घातली नाही.

"सांडली तं सांडली," ती म्हणाली. "मी पन दूध उतू घालतो कधी कधी. पोरगी चार दिवसांपासून बिन चहाची, बिन कॉफीची काम करून रायली. मले ते मशीन येत नाई. तुमाले येते. उठाचं असंल तं उठा, नाई तं मी तिले कोरा चहा देतो."

मग खाट करकरली.

त्या दिवशीची कॉफी चांगली नव्हती, पण नंतरच्या एका सकाळची झाली. धुकं होतं. मळणीची, म्हणजे धान चुरण्याची, मशीन दूरच्या खळ्यात होती, त्यामुळं वीज भरपूर. बाबांनी सुईनं पूड मोकळी केली. सुई डाव्या हातात, वाटी उजव्यानं नुसती दाबून धरलेली. थोपटली. टॅम्पर ठेवला, वाकून कड चहूकडून सारखी आहे का पाहिली, जसे पूर्वी रोवणीआधी बांधीत वाकून पाण्याची पातळी पाहायचे. दाबलं. वळवलं नाही, पुन्हा ठोकलं नाही. मी वाटी यंत्राला लावली. आधी काहीच आलं नाही, मग दोन तपकिरी थेंब, आणि मग ती धार. बारीक, दाट, सरळ, उंदराच्या शेपटीसारखी. वर सोनेरी साय. आम्ही दोघं त्या धारेकडे पाहत होतो आणि कप भरत आला तरी बटण बंद करायचं भान राहिलं नाही.

सुखदेवकाका धानाच्या हिशेबाचं विचारायला आला होता. बाबांनी पहिला कप त्याला दिला. काकानं तो एका घोटात घेतला, जसा कोणी काढा घेतो.

"कशी आहे?" बाबांनी विचारलं.

"दादा," काका म्हणाला, "तुमचा हात चांगला झाला. कॉफी तं जहर आहे."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. बाबा पूर्ण तोंडानं हसले, किंवा मला तसं वाटलं.

त्याच दिवशी दुपारी, मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, जेवणाला ते पंगतीत बसले. इतके दिवस आई त्यांना आत भरवायची. डाव्या हातानं जेवणं त्यांना पटत नव्हतं आणि लोकांसमोर भरवून घेणं त्याहून नाही. पंगतीत त्यांनी उजव्या हातानं भात कालवला. अर्धी शितं पत्रावळीबाहेर पडली. शेजारच्यानं आपली पत्रावळ जरा सरकवून घेतली आणि बोलणं चालू ठेवलं. मी वाढत होते. त्यांच्यापाशी आले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, फक्त म्हणाले, "वरन घाल."

हात पूर्ण आला नाही. सदऱ्याची गुंडी अजूनही आईच लावते. फावडं डाव्यानं धरतात आणि उजव्याचा नुसता आधार देतात. बारीक वस्तू अजून बोटांतून निसटतात. डॉक्टर म्हणाले, एवढा आला हेच पुष्कळ, आणि मी त्यांना कॉफीचं सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, "चलो, कुछ तो दबाया." मीही असा दावा करत नाही की कॉफीनं हात आला. औषधं होती, दिवस जात होते, कदाचित तो येणारच होता. पण तो परत येत होता तेव्हा त्याला रोज कोणीतरी बोलावत होतं, एवढं खरं.

पुण्याला परत जाताना मी यंत्र गावातच ठेवलं. माझ्यासाठी दुसरं घेतलं नाही. ऑफिसजवळ चांगली कॉफी मिळते, आणि घरी मी आता आईचा चहा करते, साखर कमी घालून. बाबा स्वतः कॉफी पीत नाहीत, अजूनही. पण घरी आलेल्या प्रत्येकाला ते पाजतात. गावात म्हणे त्यावरून गंमत चालते: त्यांच्याकडे जायचं तर जेवून जा.

यंदा मी आले तेव्हा बांध्या अर्ध्या कापून झाल्या होत्या. ओल्या बांध्यांमध्ये उभ्या धानात फेकलेलं लाखोरीचं कडधान्य बोटभर वर आलं होतं. सकाळी बाबांनी माझ्यासाठी कॉफी केली आणि रिकामी पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहत बसले. तिच्यावर डोंगराचं चित्र होतं.

"हे कोठून येते?"

"चिकमगळूरहून. कर्नाटकात. डोंगरात झाडं असतात, सावलीत वाढतात."

"पानी?"

"साचू देत नाहीत. उतारावरून वाहून जातं."

त्यांनी यावर विचार केला. "तोडनी कवा?"

"हिवाळ्यातच. लाल फळं असतात, बोरांएवढी. हातानं तोडतात, एकेक."

"हातानं," ते म्हणाले. पिशवीची घडी केली. अंगठा आणि तर्जनी घडीवरून हळू फिरवली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. "आपली चुरनी झाली का जाऊ. पाहून येऊ, कोनाच्या शेतातून येते तं."

बाबा आजवर नागपूरच्या पलीकडे गेलेले नाहीत. मी आईकडे पाहिलं. ती सुपातलं धान पाखडत होती.

"अन ढोरं?" तिनं विचारलं.

"सुखदेव आहे."

ती पाखडत राहिली. कोंडा उडून तिच्या केसांवर बसला. मला वाटलं, विषय संपला. मी लॅपटॉप उघडला आणि कामाला लागले. दुपारी पाणी प्यायला अंगणात आले तर दोरीवर दोन स्वेटर टाकलेले होते, एक बाबांचा आणि एक तिचा, डांबराच्या गोळ्यांचा वास जायला उन्हात ठेवलेले.

"डोंगरात थंडी असंल," आई म्हणाली.